ब्रेकवरचा पाय

टिमारू
१२ जून १९९४

चि. ट्रेव्हर यास नोएलीनताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तू पाठवलेली फिजोआची पेटी पोचली. निम्मी फळं वाटेतच पिकून गेली होती, त्यांचा जॅम केला. बेरिलच्या मनगटाचं प्लास्टर निघेपर्यंत स्वयंपाक तुझ्याकडे आहे हे कळलं, तेव्हापासून मला तुझ्या बायकोची जास्तच काळजी लागून राहिली आहे. तुला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीने बरंच आहे, नाहीतर चांगलं सुनावलं असतं.

इकडे घरात मी एकटी आणि गॅरेजात तुझे अलिस्टरभावोजी. पन्नास सालच्या इंग्लिश स्पोर्ट्‌स गाडीची ती नक्कल शेवटी सुट्या भागांच्या खोक्यांतून बाहेर निघाली. तरुणपणी अशी गाडी दुसऱ्यांच्या दारात बघून झुरला, आता म्हातारपणी घरी जोडतोय. सध्या गाडीचा सांगाडा लाकडी घोड्यांवर उलटा घातलाय. ब्रेकच्या नळ्या पोटाखालून जातात, उलटं घातलं की आडवं न पडता उभ्याउभ्या काम होतं म्हणे. तसं करता करता गड्याला इतकी गोडी लागली, की पुढच्या चाकांचं सगळं सामानही त्याने उलट्यावरच बसवून टाकलं. सगळं पुस्तकात लिहिलंय तसंच केलंय, असं मला दिवसातून दोनदा ऐकवतो. शनिवारी शेजारचे चार बाप्ये येऊन सांगाडा सुलटा करणार आहेत. त्यांच्यासाठी चीजरोल करायचे आहेत, म्हणजे गाडीला हातभार माझाही लागतोच.

मी मात्र सांगून ठेवलंय की, नंबरप्लेट लागल्याशिवाय टबासारख्या या गाडीत पाय ठेवणार नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याला पक्षाघात झाला, ते मी विसरलेली नाही. उजवा पाय लाकडासारखा झाला होता. आता डॉक्टर म्हणतात पाय उत्तम आहे, आणि तो खरंच खाडीपर्यंत चालत जाऊन येतो. तरी जिना चढताना त्याच्या पावलांचा आवाज मी ऐकत असते. हे त्याला ठाऊक नाही.

बेरिलला आठवण सांग. आहे ती माया आटू देऊ नकोस.

तुझी,
नोएलीनताई

व्हांगानुई
२० जून १९९४

ती. ताईस ट्रेव्हरचा सा. न. वि. वि.

बेरिल जिवंत आहे, आणि माझ्या मटणाला तिने नावं ठेवली नाहीत. एकदा नुसती ताट बाजूला सारून पावाकडे वळली, एवढंच.

भावोजींना सांग, माझा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेला, पण सबंध गाडी जोडायचं धाडस मला झालं नाही. मनात त्यांचा हेवा वाटतो, पण हे त्यांना सांगू नकोस, डोक्यावर बसतील. बेरिलचा हात बरा असता तर बोटीने सामुद्रधुनी ओलांडून आलोच असतो. काही अडलं तर लिहून विचारायला सांग. विचारणार नाहीत हे मला माहीत आहे.

तू टबात बसणार नाहीस हे वाचून हसू आलं. लहानपणी बाबांच्या ट्रकमध्येही तू अशीच रुसून बसायची नाहीस, आणि मग सबंध रस्ता पायी यायचीस.

थोरल्या बहिणीची नजर धाकट्यावर राहू दे.

तुझा,
ट्रेव्हर

टिमारू
४ सप्टेंबर १९९४

चि. ट्रेव्हर यास अनेक आशीर्वाद.

आज थट्टा सुचत नाही. अलिस्टर गाडी विकायला निघालाय.

आता कुठे ती गाडीसारखी दिसायला लागली होती. इंजिन बसलं, वरचं फायबरचं अंग बसलं, हिरवा रंगसुद्धा मीच पसंत केला होता. आणि गेले काही आठवडे तो गॅरेजात पाऊल टाकत नाही. जेवतो, खिडकीशी बसतो, खाडीकडे फिरायला जाणं बंद. सर्दी असेल म्हणून मी आधी सोडून दिलं. मग काल कळलं की अ‍ॅशबर्टनचे कुणी मिस्टर हूपर येत्या रविवारी गाडी बघायला येणार आहेत. मी चांगलीच भडकले. तेव्हा कुठे तो बोलला.

म्हणाला, ब्रेकवर पाय ठेवला की पेडल सरळ तळाला जातं. किती जोराने दाबतोय ते पायाला कळतच नाही. ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा बाटली आणि नळी लावून त्याने एकट्यानेच पुनःपुन्हा काढली, काही फरक नाही. नळ्या कुठे गळत नाहीत, सामान सगळं नवं, सगळं पुस्तकाबरहुकूम. मग उरलं काय, तर पाय. तेव्हाही सुरुवात अशीच झाली होती म्हणाला, पायाला जमीन लागत नव्हती. डॉक्टरांकडे जायचं नाव काढू देत नाही. ते लायसन्स काढून घेतील आणि मग घराबाहेर पडणंच संपेल, असं त्याचं म्हणणं.

ट्रेव्हर, मला गाडीचं काही नाही, ती उद्या भंगारात जाऊ दे. पण त्याचा पाय पुन्हा जातोय का, या विचाराने माझ्या हातून कपबश्या निसटतायत. त्या हिवाळ्यात मी त्याला मोजे घालत होते आणि तो भिंतीकडे बघत बसायचा. ते पुन्हा आलं तर मी करीनच, पण तो या वेळी सावरेल असं मला वाटत नाही. मी काय करू ते लिही.

तुझी,
ताई

व्हांगानुई
७ सप्टेंबर १९९४

ती. ताईस सा. न. वि. वि.

जलद टपालाने पाठवतोय. पत्र मिळालं की हातातलं काम टाक आणि गॅरेजात जा.

गाडीत तू बस. नंबरप्लेटची शपथ मोडली तर पाप माझ्या माथी. तुझे पाय धडधाकट आहेत, तेव्हा तुझ्या पायाने ब्रेक दाबून बघ. पेडल तुझ्याही पायाखाली तळाला गेलं, तर दोष पेडलचा आहे, भावोजींच्या पायाचा नाही. इतके दिवस त्यांच्याशिवाय कुणीच तो ब्रेक दाबलेला नाही, हे तुमच्या दोघांच्या लक्षात कसं आलं नाही?

दुसरं काम. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला चिमट्यात धरणारा कॅलिपर असतो. त्यावर रबरी टोपी घातलेलं बोंडाएवढं तोंड आहे, हवा तिथून बाहेर निघते. ते तोंड वर आहे की खाली, एवढं बघ. हवा वर जाते. तोंड खाली असेल तर जन्मभर हवा काढत बसलं तरी ती वरच अडकून राहणार आणि पेडल लोण्यासारखं मऊ राहणार. मला दाट शंका आहे, पण तू बघितल्याशिवाय लिहीत नाही.

आणि काहीही निघालं तरी सोमवारी त्यांना डॉक्टरांकडे ने. माझं नाव सांग. कळवायला उशीर करू नकोस, इथे बेरिलही जेवलेली नाही, आणि या वेळी स्वयंपाक तिचा होता.

तुझा,
ट्रेव्हर

टिमारू
१४ सप्टेंबर १९९४

चि. ट्रेव्हर यास अनेक, अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच: पाय ठणठणीत आहे. डॉक्टरांनी सोमवारी सुई टोचून, हातोडी मारून, एका पायावर उभं करून पाहिलं. आता बेरिलला जेवायला वाढ.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. अलिस्टर परसात बटाटे लावत होता. मी गॅरेजात गेले, स्कर्ट आवरून त्या टबात कशीबशी उतरले आणि ब्रेक दाबला. तळाला गेला. पुन्हा दाबला, पुन्हा तळाला. ट्रेव्हर, आयुष्यात कुठली गोष्ट बिघडलेली बघून मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मग पर्समधला पावडरचा आरसा चाकामागे धरला. तोंड खाली होतं. दुसऱ्या बाजूलाही खालीच.

परसात जाऊन मी त्याला विचारलं की पेडल माझ्याही पायाखाली तळाला जातंय, तर आता दोघांनाही एकदमच पक्षाघात झालाय का. त्याने फावडं तिथेच टाकलं. मग चिखलाचे गमबूट न काढता गॅरेजात शिरला आणि गाडीखाली आडवा झाला. मी वाकून बघते तर हा माणूस पडल्यापडल्या हसतोय आणि बाहीने डोळे पुसतोय.

सांगाडा उलटा असताना त्याने तोंडं नेमकी वर ठेवून कॅलिपर बसवले होते, पुस्तकात लिहिलंय तसे. गाडी सुलटी झाली आणि तोंडं खाली गेली. म्हणजे डावा कॅलिपर उजवीकडे बसला होता, उजवा डावीकडे. चार बाप्ये सांगाडा फिरवायला आले, त्यातल्या एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. चीजरोल मात्र एक उरला नाही.

रविवारी हूपर आले तेव्हा अलिस्टर कॅलिपरची अदलाबदल करून बसला होता. गाडी विकायची नाही म्हटल्यावर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कोट काढला, गाडीत बसून अलिस्टर सांगेल तसा ब्रेक दाबत राहिले आणि त्याने खालून हवा काढली. दोघे जेवायला आले ते तेलकट हातांनीच. हूपर घरी जाऊन स्वतःसाठी गाडीची खोकी मागवणार आहेत, तेव्हा त्यांच्या बायकोला मी आधीच एक सहानुभूतीचं पत्र टाकणार आहे.

अशीच सुबुद्धी तुला सुचत राहो.

तुझी,
नोएलीनताई

टिमारू
६ नोव्हेंबर १९९४

प्रिय ट्रेव्हर यास, स. न. वि. वि.

आमच्या घरात पत्र लिहायचं काम नोएलीनचं, त्यामुळे अक्षर गोड मानून घ्या. गाडी तपासणीत पास झाली, नंबर मिळाला. तपासनिसाने हवेच्या तोंडांकडे बोट दाखवलं आणि एकदम बरोबर म्हणाला. नोएलीनला खोकला आला.

तुम्ही भाड्याने बोट करून आला असता, तरी त्या पत्राएवढं काम झालं नसतं. मी घाबरलो होतो, ट्रेव्हर. मरणाला नाही. तिने पुन्हा गुडघ्यावर बसून माझ्या पायात मोजे चढवावेत, याला घाबरलो होतो. म्हणून डॉक्टर नको म्हणत होतो. न विचारलेलं खरं ठरत नाही, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. मी मूर्ख निघालो हे कळल्यावर जो आनंद झाला, तो शहाण्यांच्या नशिबी नसणार.

आज पहिल्यांदा दोघे प्लेझंट पॉइंट गावाकडे निघालो. तिने डोक्याला रुमाल बांधला होता आणि दरवाजा घट्ट धरला होता. एका वळणापलीकडे रस्ता भरून मेंढ्या. विचार करायला वेळच नव्हता, पाय आपोआप गेला. गाडी जागच्या जागी थांबली. पेडल तळव्याखाली घट्ट होतं, आणि ते पायाला उलट रेटत होतं. टाचेपासून बोटांपर्यंत सगळं लागत होतं.

मेंढ्या गेल्या. धनगर हात करून गेला, त्याची कुत्री गेली, रस्ता मोकळा झाला. नोएलीनने विचारलं की इंजिन बंद पडलं का. मी म्हटलं, नाही, पाय जरा असाच ठेवतोय. तिने दरवाजावरचा हात काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला, आणि आम्ही तसेच बसून राहिलो.

लोभ तुमच्याकडून भरपूर पोचला आहे, यापुढेही पोचत राहो.

आपला,
अलिस्टर