आईची हाक

१३ जून, संध्याकाळ
बायको, गुनवोर, उद्या बहिणीकडे बर्गनला जाणार, परवा परतणार. तोवर शेळ्या माझ्या ताब्यात. नीट सांभाळल्या तर यंदा डोंगरावरच्या उन्हाळी गोठ्यात शेळ्या घेऊन मी जाईन, असं कबूल करून घेतलंय. दरवर्षी ही आणि शेजारची ओडनी जातात आणि मी इथे बटाट्यांतलं तण उपटत बसतो. पुरे झालं.

शेळ्यांना बोलवायची आमच्या घराची सुरातली हाक आईची. खोऱ्यात प्रत्येक घराची वेगळी असते. आईने ती सुनेला दिली, मला नाही. मला त्याचं काही वाटत नाही. जनावर माणूस ओळखतं, चाल नाही.

१४ जून, सकाळ
झकास ऊन. दूध काढलं. दागरोस नावाच्या शेळीने बादलीत पाय घातला. नवीन माणूस म्हटल्यावर थोडी थट्टा चालायचीच. शेळ्या कुरणात सोडल्या. आता गवतात पडून निरीक्षण.

१४ जून, दुपार
निरीक्षण थोडं लांबलं. नाक भाजलंय. शेळ्या दिसत नाहीत. फाटक उघडं होतं, बहुधा वाऱ्याने. वारा नव्हता, पण सकाळी असेल.

नंतर: सापडल्या. वरच्या कड्यावर आहेत. एकेकीला नावाने बोलावलं. दागरोसने वळून पाहिलं आणि पुन्हा पाठ केली. खिशातला पाव दाखवला तर एक खाली आली, पाव खाल्ला आणि गेली. ही पिल्लू असताना मी हिला बाटलीने दूध पाजलंय. कृतघ्न.

१४ जून, संध्याकाळ
दूध काढायची वेळ टळून गेली. कासा तटतटलेल्या खालूनही दिसत होत्या. तशाच राहिल्या तर सुजतील. खरंच घाबरलो. घसा बसेपर्यंत ओरडलो.

मग कुंपणापाशी ओडनी. म्हणाली, हाल्वर, कशाला बोंबलतोस, त्या आणखी वर जातील, सर बाजूला. आणि तिने हाक मारली.

आईची हाक. तोच चढ, शेवटी तोच हेलकावा. सगळ्या धावत खाली आल्या, दागरोस सर्वांत पुढे.

आमच्याकडे माणसं घोडा देतील, ट्रॅक्टर देतील, पण घराची हाक कुणी परक्याला देत नाही. विचारलं, कुठून मिळाली? म्हणाली, गुनवोरने दिली, गेल्या वसंतात. मी बाहेरगावी गेले तर शेळ्यांना कुणीतरी हवं, असं गुनवोर म्हणाली.

मी म्हटलं, मी असतो ना घरी.

ओडनी बादली घेऊन दूध काढायला बसली.

१५ जून
गुनवोर आली. अबोला धरायचं ठरवलं होतं. ती बूट काढेपर्यंत टिकला. म्हटलं, हा विश्वासघात आहे. माझ्या आईची हाक तू मला न विचारता घराबाहेर दिलीस.

म्हणाली, आधी तुलाच शिकवत होते. दरवेळी तू तिच्यात सुधारणा सुचवायचास.

हे खरं आहे. शेवट जरा लांबतो, असं माझं मत होतं. अजून आहे.

डोंगरावर ती आणि ओडनी जाणार. मी बटाटे.

१६ जून, दुपार
आजही ऊन. गुनवोर गावात गेली होती. फाटक नीट लावलं, दोनदा पाहिलं. मग कुरणाच्या मधोमध उभा राहून आईची हाक मारली. काही न सुधारता, पूर्ण, शेवटासकट. चांगली जमली.

सगळ्या शेळ्यांनी माना वर केल्या. माझ्याकडे पाहिलं. मग धावत सुटल्या आणि ओडनीच्या बाजूच्या कुंपणाला जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडे ती कपडे वाळत घालत होती. तिने हाकलेपर्यंत एकही मागे फिरली नाही.