रविवारची नळी

प्रिय कमल,

तू जाऊन पाच महिने झाले. आजवर तुला लिहिलं नाही. पण गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी जे विचारलं, त्याचं उत्तर मला सुचून नाही राहिलं. आणि असलं काही तुझ्याशिवाय कुणाजवळ बोलू?

संत्र्यानं भरलेल्या बैलबंडीवरून पाय घसरला आणि मी दांडीवर फाकून आदळलो होतो, आठवते? वरची जखम भरली, पण लघवीचा रस्ता आतून आकसला. मग नागपूरच्या डॉक्टरांनी ती रबरी नळी दिली. दर रविवारी आपल्याच हातानं आत सारायची! पहिल्या दिवशी मी पोरासारखा रडलो. तू न्हाणीबाहेर बसून म्हणालीस, "घाई नोका करू. मी आहो न इथं."

चार वर्षं नळी तूच उकळून दिलीस, वेगळ्या ठेवलेल्या जर्मनच्या भांड्यात, त्या लहान गंजात. कुणाला पत्ता लागू दिला नाहीस. निदान पोराला, विलासला तरी सांगून ठेवायचं होतं गं!

तू गेल्यावर दोन रविवार मी एकट्यानं केलं. तिसऱ्या रविवारी सूनबाई त्याच गंजात चहा मांडून राहिली होती. मी केवढ्यानं ओरडलो! "मामाजी, काय चुकलं माहं?" म्हणत रेखा रडायला लागली. मी गंज उचलला, नळी त्यात टाकली आणि दोन्ही गोठ्यात नेऊन ठेवलं.

मग नळीला हातच लावला नाही. खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. ती आग नाही, ते रक्त नाही. शनिवारची रात्र जागून काढणं नाही.

पण धार बारीक होत गेली. गेल्या आठवड्यात सौंसरच्या बसस्टँडवर लघवी पार बंदच झाली. पोट दगडासारखं झालं. विलासनं तसंच मला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी कसंबसं मोकळं केलं आणि त्याच्यासमोरच सगळं बोलले. तो खाली मान घालून म्हणाला, "बाबा, मले काहून नाही सांगतलं?"

मी डॉक्टरांना विचारलं, "अजून किती दिवस घालायची?"

"जगाल तोवर. नाही तर मोठं ऑपरेशन, त्याचीही खात्री नाही. काहीच केलं नाही तर किडन्या जातील. यातलं काय करायचं? विचार करा आणि सांगा."

काय विचार करू, कमल? तू असतीस तर रागावली असतीस आणि मी ऐकलं असतं. विलास म्हणतो, "मी बसतो न बाहेर." पण बाहेर पोरगा आहे म्हटलं की मला लाज वाटते. काल नळी हाती घेतली आणि तशीच ठेवून दिली. ती नको वाटते. मरणही नको वाटते. तुझ्यामागं दोन दिवस जगणार नाही म्हणत होतो ना मी? पाहा, कसा भिऊन राहिलो!

जन्मभराचं वचन माझ्यानं देववत नाही. येत्या रविवारी एकदा घालतो, विलासला बाहेर बसवून. एवढं नक्की. त्याच्या पुढच्या रविवारचं मात्र मला विचारू नको.

तुझाच,
नामदेव
रामाकोना