कशावरही चालणारा रंग

मिल रोड
मंगळवार, दुपारचा चहा झाल्यावर

प्रिय ग्लेनिस,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते उभ्या उभ्याच फोडलं असशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. दर रविवारी तुझा फोन येतो आणि मी सांगते की सगळं ठीक आहे, बाबा पोटभर जेवले, आता फुटबॉल बघत बसलेत. ते खोटं असतं. जेवतात ते, तेवढं खरं. पण फोन भिंतीवर, त्याच्या खालच्या खुर्चीत तुझे बाबा, आणि तू तर मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, लहानपणापासूनची खोड तुझी. म्हणून लिहायला बसले. शेवटपर्यंत वाच आणि मगच काय ते बोल.

ईस्टरच्या आधी इस्पितळातून पत्र आलं होतं. एक बाई घरी येऊन बघणार होती, की बाबांचं विसरणं इतकं वाढल्यावर त्यांना घरी ठेवणं मला झेपेल की त्यांना वृद्धाश्रमात न्यावं. हे तुला सांगितलं नाही. तू लगेच म्हणाली असतीस, आई, तुझं वय बघ, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. सत्तावन्न वर्षं मी या माणसाच्या शेजारी झोपले आहे, आता कुणी एक बाई फाइल घेऊन येणार आणि मला सांगणार की झेपतं की नाही. मी ठरवलं, तिला असं घर दाखवायचं की वाईट लिहायला जागाच राहू नये. फरशी पुसली, पडदे धुतले, न्हाणीघरात दांडे बसवून घेतले. मग तिच्या नजरेने घराकडे बघितलं आणि मला आपल्या फर्निचरची लाज वाटली.

तुला ते लालसर, तुकतुकीत आठवत असेल. गुड फ्रायडेला सगळं गावच्या गाव नदीवर मासे धरायला जायचं आणि आपल्याकडे टेबल, कपाट, खुर्च्या, पलंग, सगळं व्हरांड्यात निघायचं. बाबा जवसाचं तेल कोमट करायचे, तुझ्या हातात जुनी बनियन द्यायचे आणि म्हणायचे, लाकडालाही वर्षातून एकदा जेवू घालावं लागतं. तू दिवसभर कुरकुरायचीस की शाळेत माझ्या अंगाला तेलाचा वास येतो. लाकूड कापायच्या गिरणीत गमच्या, त्या लाल निलगिरीच्या, फळीला चीर पडली की मालक ती जळणात टाकायला सांगायचा आणि बाबा ती खांद्यावरून घरी आणून तिचं काहीतरी घडवायचे. आपल्या घरातलं एकही लाकूड विकत आणलेलं नाही. पण गेली चार वर्षं कुणी तेल लावलं नव्हतं. बाबांना तेलाची बाटली कशाला असते तेच आठवेना आणि माझ्या मनगटात जोर नाही. लाकूड काळं पडलं, टेबलावर कपांची वर्तुळं उमटली, कपाट तर अंधारात उभा माणूस वाटायचं.

व्हॅल्मे आठवते ना, शेजारची? तिने आपलं जुनं कपाट पांढरं केलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवत होती. ती म्हणाली, नोरीन, वेड्यासारखी घासत काय बसतेस, हार्डवेअरमध्ये एक रंग मिळतो, लाकूड म्हणू नको, लोखंड म्हणू नको, कशावरही चालतो, घासायला नको, अस्तर नको, दोन हात मारले की झालं. डब्यावरही तसंच लिहिलं होतं. घरच्या माणसांना विसावा म्हणून इस्पितळात अधूनमधून दोन दिवस ठेवून घेतात, तसं बाबांना ठेवलं आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन बसलो. खरं सांगू, गेल्या कित्येक वर्षांत इतकी मजा आली नव्हती. आधी फक्त टेबल करायचं होतं. टेबल झालं तर खुर्च्या भिकार दिसायला लागल्या, खुर्च्या झाल्या तर कपाट, मग पलंग, मग बाबांच्या उशाशी असतं ते छोटं मेज. डबा संपेपर्यंत आम्ही थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी ऊन आलं आणि सगळं घर असं उजळलं की मी दारात उभी राहून रडले. मला वाटलं, जिंकले मी.

संध्याकाळी बाबांना घेऊन आले. ते दारात थांबले. टोपी काढून हातात घेतली, बूट पायपुसणीवर नीट पुसले आणि हळूच मला विचारलं, की आपण कुणाकडे आलोय. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, अहो, तुमचंच घर आहे, रंग दिलाय फक्त. ते हो म्हणाले. पाहुण्याच्या घरी बसतात तसे खुर्चीच्या काठावर बसले आणि चहा आला तेव्हा आभार मानले. मला वाटलं, एका झोपेत निवळेल.

ते निवळलं नाही, ग्लेनिस. मला काय माहीत होतं की हा माणूस आता माणसांवरून नव्हे, लाकडावरून घर ओळखत होता? सकाळी उठला की पलंगाची कड, मग कपाटाचा कोपरा, मग टेबलाची धार, असा हात लावत लावत तो चुलीपाशी यायचा. त्या ओळीत शेवटी माझंही तोंड यायचं आणि मग मी नोरीन असायचे. आता पांढऱ्या भिंतीपुढे पांढरी खुर्ची त्यांना दिसेना. जिथे खुर्ची नाही तिथे बसायला गेले आणि पडले, कुल्ल्यावर बशीएवढा काळा डाग. रंगाचा गुळगुळीत थर हाताला लागला की हात मागे घ्यायचे. चौथ्या दिवसापासून मला अहो-जाहो करायला लागले. बाई, तुम्ही फार करता माझ्यासाठी, पण मला आता घरी जायला हवं, बायको काळजी करत असेल. मी विचारलं, कशी आहे हो तुमची बायको? म्हणाले, तोंडाने फटकळ आहे, पण मनाची वाईट नाही. सत्तावन्न वर्षांत माझ्या तोंडावर कधी एवढं चांगलं बोलले नव्हते.

आणि मग डाग यायला लागले. गमच्या लाकडाचा लाल रंग आतून पाझरतो, हे गिरणीतल्या माणसाची बायको असून मला ठाऊक नसावं? एक आठवडा गेला आणि टेबलाच्या पांढऱ्यावर तपकिरी-लाल ठिपके उमटले. मी वरून आणखी एक हात मारला. दोन दिवसांनी पुन्हा आले. बाबा त्या ठिपक्यांकडे बघून हातरुमाल काढायचे आणि दाबून धरायचे, कुणाला लागलं म्हणून विचारायचे. व्हॅल्मे आली, तिने बघितलं आणि केक ठेवून गेली. तिचं कपाट पाइनचं होतं, त्याला असा रंग सुटत नाही, तिला काय दोष देऊ. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी केलं.

ती बाई त्याच आठवड्यात आली. चांगली होती गं, हेच वाईट वाटतं. दारातच म्हणाली, किती प्रसन्न ठेवलंय घर. मी चहाबरोबर खायला स्कोन केले होते. तिने बाबांना विचारलं, वॉली, तुम्ही राहता कुठे? ते म्हणाले, मिल रोडवर, गमच्या लाकडाचं घर आहे माझं. हे नव्हे. या बाईंकडे चार दिवस आलोय, बाई भल्या आहेत, पण इथे माझं काही नाही. तिने माझ्याकडे बघितलं नाही, खाली बघून लिहिलं. पडल्याचा डाग बघितला, तेही लिहिलं. मी सगळं सांगितलं, की पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत असं नव्हतं, हे माझ्या रंगाने झालं. ती म्हणाली, स्वतःला दोष देऊ नका, आज ना उद्या हे होणारच होतं. आज आणि उद्या यांच्यात किती दिवस असतात हे तिला कोण सांगणार. मला ते दिवस हवे होते.

ती गेल्यावर मी गॅरेजमधून खरवडणी आणली आणि टेबल घासायला बसले. इतक्या वर्षांचं तेल प्यायलेलं लाकूड, काही ठिकाणी रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि काही ठिकाणी रेषेरेषेत घुसून बसला. माझ्याने सरळ खरवडवेना, लाकडालाच खाचा पडल्या. बाबा जवळ येऊन उभे राहिले. माझ्या हातून खरवडणी घेतली, अंगठ्याने धार बघितली, निघालेल्या जागी तळवा ठेवला आणि एकदम गिरणीतल्या आवाजात म्हणाले, गमवर हा रंग कुठल्या गाढवाने मारला? मी म्हटलं, आहे एक गाढव. म्हणाले, त्याला आजच कामावरून काढा. मी काढते म्हटलं. मग त्यांनी खरवडणी माझ्या हातात परत दिली, नीट, मूठ माझ्याकडे करून, आणि विचारलं की बाई, घरी जायची बस किती वाजता आहे. त्यानंतर मी रोज थोडं थोडं खरवडते आहे. बित्ताभर जागा निघाली आहे, तीही पांढऱ्या रेघांची. ते हात लावतात आणि काढून घेतात.

पुढच्या गुरुवारी, म्हणजे तेवीस तारखेला, त्यांना नेणार. इस्पितळामागच्या त्या बसक्या विटांच्या इमारतीत, बागेकडची खोली. मी सही केली. मी जाऊन खोली बघून आले, पांढऱ्या भिंती, पांढरा पलंग, पांढरं कपाट. तिथल्या नर्सने सांगितलं की घरातली एक वस्तू आणता येते, छोटी, पलंगाच्या पायथ्याशी मावेल अशी, ज्याच्याशी त्यांचे हात ओळखीचे आहेत. मी घरी येऊन खोल्याखोल्यांतून फिरले. मला न्यायला एकही वस्तू उरलेली नाही.

म्हणून हे पत्र. तुझ्या एकविसाव्या वाढदिवसाला त्यांनी तुला लग्नाची पेटी करून दिली होती, संसाराचे कपडे भरतकाम करून साठवायची, गावात तेव्हा सगळे बाप लेकींना करून द्यायचे तशी. तू म्हणाली होतीस, मी काय बसून टेबलक्लॉथ भरणार आहे, कुठल्या जमान्यात राहता तुम्ही. ते पेटीला तेल लावत राहिले आणि तू लग्न केलं नाहीस, पण पश्चिमेला जाताना पेटी मात्र गाडीत घालून नेलीस. मागे म्हणालीस की त्यात कुत्र्याच्या चादरी ठेवतेस. त्यांच्या हातचं, माझा ब्रश न लागलेलं, जगात तेवढं एकच आहे. ती मला दे. ट्रकने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. दोन दिवसांचा रस्ता आहे, मला ठाऊक आहे. आणि तयारीने ये, कारण ते तुला ओळखणार नाहीत; पेटी ओळखली तर ओळखतील. आता एकच विचारायचं राहिलंय आणि तेच विचारायला मी सकाळपासून घाबरते आहे. गेल्या वर्षी तू नवीन घर लावलंस, सगळं निळं-पांढरं केलं म्हणालीस. त्यात पेटी रंगवलीस का? खरं सांग, तुला रागवायचा अधिकार मला राहिलेला नाही. रंगवली असलीस तरी ये.

तुझीच, आणि ज्या नोरीनकडे त्यांना अजून घरी जायचंय ती,
आई