पाठ दबणारी सायकल

मुळशी
६ सप्टेंबर २००९

चि. सौरभ यास उषाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बंगळूरला खोली मिळाल्याचे तुझे पत्र पोचले. आमच्या गावात मोबाईलला रेंज नाही, आणि असती तरी मला फोनवर वाद घालता येत नाही. वादाला कागद लागतो. म्हणून लिहिते.

गेल्या बुधवारी पिरंगुटच्या डॉक्टरांनी माझ्या मणक्याचा फोटो उजेडावर धरला आणि गादी सरकल्याचे सांगितले. धक्के बंद, डोंगर उतरणे बंद, माझी काळी सायकल तर त्याच दिवसापासून बंद. मी विचारले, की मग वाडीवर कशी जाऊ. ते म्हणाले, की जाऊ नका. माणसाला घरी बसवायला दोन शब्द पुरतात, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळले.

वाडी तुला ठाऊक आहे, डोंगराच्या पलीकडची, बावीस घरांची. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जंगलातली जमीन त्या लोकांच्या नावावर व्हावी, असा कायदा झाला आहे, आणि त्याचे दावे मी भरून देते आहे. बावीसपैकी पाच झाले. फीत धरून शेते मोजायची, म्हाताऱ्यांचे जबाब लिहायचे, कोंडाबाईच्या अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही करायची. ही कामे घरी खुर्चीत बसून होत नाहीत. आणि वाट म्हणजे साडेचार किलोमीटर भाताचे बांध आणि ओढ्यातले दगड. वाडीतल्या मंगळ्याच्या मेव्हण्याने एकदा हौसेने मोटरसायकल नेली होती, ती चौघांनी खांद्यावरून परत आणली.

त्यात तुझ्या वडिलांचे पत्र. अण्णासाहेब भाऊबिजेला येणार आणि मला सामानासकट अंबाजोगाईला नेणार. एकटीने राहण्याचे दिवस संपले, असे लिहितात. प्रेमाने लिहिले आहे, म्हणूनच अवघड आहे. भावाशी मी आजवर एकही वाद हरलेले नाही, पण या वेळी त्यांच्या बाजूने मणक्याचा फोटो बोलणार.

तू रविवारी मारुंजीहून मित्रांबरोबर येऊन आमच्या डोंगरात सायकल हाकायचास, ती पुढे-मागे स्प्रिंगची. मी तिला पाळणा म्हणून हसले होते. ते हसणे मागे घेते. तशी एखादी वापरलेली सायकल मला हवी आहे. कशी पारखायची ते सविस्तर लिही.

तुझा आत्यावरचा लोभ बंगळूरच्या हवेतही टिकून राहो.
उषाआत्या


बंगळूर
१२ सप्टेंबर २००९

ती. उषाआत्यास सौरभचा सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हसू आलं. पाळणा म्हटल्याबद्दलची माफी मी फ्रेम करून लावणार आहे.

पहिली गोष्ट, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नकोस. धक्का पाठीपर्यंत पोचलाच नाही तर चालेल का, एवढंच विचार. ते हो म्हणाले तर पुढचं वाच.

दोन सायकली माझ्या माहितीत आहेत. एक तुमच्या जवळच, चांदे गावाला, माझ्या जुन्या ऑफिसातल्या स्वरदाची. ती जळगावची, दोन वर्षं तिने ती डोंगरातच चालवली आहे आणि आता तिला रस्त्यावरची हलकी सायकल घ्यायची आहे. दुसरी मारुंजीला कौस्तुभकडे. तो अकोल्याचा, मी त्याला फक्त कॅन्टीनमध्ये भेटलोय. त्याची सायकल फोटोत नवीकोरी दिसते. नवीकोरी दिसते म्हणून भुलू नकोस. ओरखडे असले तर असू देत, ते वापराचे असतात. जोडांवर केसासारखी चीर आहे का ते मात्र भिंग लावून बघ. सीट धरून मागचा भाग उचल, जोडात खुळखुळ वाजली तर सोडून दे. मधल्या दांडीवरून पलीकडे पाय टाकून जमिनीवर उभी राहा, चार बोटं जागा उरली पाहिजे, नाहीतर ओढ्यात उतरताना फजिती.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सीटच्या खाली, मधोमध एक जाड नळी असते. तिच्यात हवा भरलेली असते. तो मागचा शॉक. तू बसलीस की तो साधारण पाव भाग दबला पाहिजे. सायकल तुझ्याखाली बसली पाहिजे. एवढ्यासाठीच आपण ती घेतोय.

अण्णांना मी काहीच बोललेलो नाही. तुझ्या आणि त्यांच्या मध्ये उभं राहण्याइतकी माझी पाठ मजबूत नाही.

रागावण्याचा हक्क तुझाच आहे, पण तो जपून वापर.
सौरभ


मुळशी
२१ सप्टेंबर २००९

चि. सौरभ यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

डॉक्टर हो म्हणाले, कुरकुरत, पण म्हणाले. काल सायकल घेतली. मारुंजीची.

सोबत कोंडिबांना नेले होते. आमच्या आळीतले कोंडिबा, सत्तरीचे. चाळीस वर्षे चाकणच्या बाजारात लोकांना बैल पारखून दिले, आणि त्यांनी निवडलेला बैल वाईट निघाल्याचे कोणी सांगत नाही. मला वाटले, पुस्तकी ज्ञान तुझे आहेच, हाताचे ज्ञानही बरोबर असावे.

आधी चांद्याला गेलो. स्वरदा मुलगी गोड आहे, हसरी. कोंडिबांनी तिच्या सायकलीभोवती तीन फेऱ्या मारल्या, चाकांवर थापटले, मग सीटवर तळहात ठेवून भार दिला. सायकल खाली गेली. त्यांनी हात काढून घेतला आणि मला बाजूला नेऊन म्हणाले, की बाई, पाठीवर हात ठिवला की बसतंय, ह्ये जनावर कमरंत खचलंय, ह्येच्यावर वझं टाकू नका. स्वरदा सांगत होती, की काका, तिने दबायलाच हवे. त्यावर त्यांचे म्हणणे, की इकनाऱ्याला खोड बी गुनच वाटती. बिचारीने सायकल भिंतीला लावून ठेवली.

मारुंजीला कौस्तुभने चौथ्या मजल्यावरून सायकल खाली आणली. चकचकीत, एक ओरखडा नाही. कोंडिबांनी दोन्ही हातांनी भार दिला, मग कोपराने दिला, शेवटी स्वतः बसले. तसूभर हलली नाही. म्हणाले, ह्येला म्हनत्यात पाठ.

तुझे पत्र माझ्या पिशवीत होते. पण मी विचार केला, की एक कंबर आधीच सरकलेली, तिच्याखाली दुसरी खचलेली कशाला घ्यायची. जे स्वतः डळमळते ते दुसऱ्याला काय आधार देणार. मारुंजीच्या पार्किंगमध्ये मी हे बोलले तेव्हा वॉचमननेही मान हलवली.

आज सकाळी वाडीला जाऊन आले. तीन दावे झाले. कोंडाबाई म्हणाली, की बाई, तुमची गाडी लई देखनी हाय, पर तुमी उतरताना तोंड का वाकडं केलं. तिची नजर फार बारीक आहे. हे पत्र फडताळावर कागद ठेवून उभ्यानेच लिहिते आहे. जन्मभर उभी राहून भाषणे केली, उभ्यानेच सुचते.

आत्याचा निर्णय पटला नसला तरी आत्या पटत राहो.
उषाआत्या


बंगळूर
२६ सप्टेंबर २००९

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू उभ्याने भाषण करतेस हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. पत्र मात्र तू नेहमी ओट्यावर पाय पसरून, मांडीवर पाट घेऊन लिहितेस. मी लहानपणापासून बघतोय. तुला बसवत नाहीये.

वाद नंतर घाल. आत्ता एक कर. शॉकच्या नळीतून जो चकचकीत दांडा बाहेर आलेला दिसतो, त्याच्यावर, नळीच्या तोंडाशी, शिवणाचा दोरा सैलसर बांध. सीटवर हळू बस, उतर आणि दोरा किती सरकला ते बघ. दबणारा शॉक दोऱ्याला बोटभर तरी ढकलतो. दोरा जागचा हलला नाही तर शॉक जाम झालाय, आणि तू पाळण्याऐवजी दगडावर बसून ओढा ओलांडते आहेस.

कोंडिबांचं चुकलं नाही. बैलाची पाठ दबू नये, हे खरंच आहे. फक्त हा बैल नाही.

भाऊबिजेला तीन आठवडे आहेत. अण्णांनी तुला अशी वाकडी बघितली तर मी, तू आणि डॉक्टर, कोणाचंच काही चालणार नाही.

उत्तराची वाट बघतोय, आणि ते बसून लिहिलेलं असावं.
सौरभ


मुळशी
९ ऑक्टोबर २००९

चि. सौरभ यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोरा हलला नाही.

तीनदा बसले, तीनदा उतरले. तो निळा दोरा जिथे बांधला तिथेच. मग मी तुझे बारा तारखेचे पत्र काढून पुन्हा वाचले. तू स्वच्छ अक्षरात लिहिले होतेस, की सायकल बसली पाहिजे. चाळीस वर्षे मी व्यासपीठावरून लोकांना सांगत आले, की कोणी मोठा माणूस म्हणतो म्हणून मानू नका, तपासा आणि मग माना. टाळ्याही घेतल्या. आणि स्वतःच्या पाठीचा प्रश्न आला तेव्हा तपासण्याचा कागद पिशवीत ठेवून मी एका हाताच्या थापेवर विश्वास ठेवला. वर त्या चुकीला सिद्धान्ताचे कपडे घालून पार्किंगमध्ये भाषण केले. या पंधरा दिवसांत वाडीला चार वेळाच गेले, आणि दोनदा परत येताना मंगळ्याने सायकल ढकलली, मी मागून चालले. हे तुला लिहिले नव्हते. आता लिहिले.

कोंडिबांना सांगणे सर्वांत जड गेले. मी दोरा दाखवला, तू लिहिलेले वाचून दाखवले. त्यांनी दोऱ्यावर बोट फिरवून पाहिले. मग म्हणाले, की म्हंजे ह्ये जनावर तगडं न्हाई, आखडल्यालं हाय. त्यांचा एक नियम आहे. त्यांच्या शब्दावर घेतलेल्या जनावरात अवसेच्या आत खोड निघाली, तर ते स्वतः ते मालकाच्या दारात नेऊन बांधतात. अवसेला बारा दिवस होते. दुसऱ्याच सकाळी टेम्पोत सायकल चढवून आम्ही मारुंजीला.

कौस्तुभ खरोखर भला मुलगा निघाला. त्याला काहीच ठाऊक नव्हते. हौसेने सेकंडहँड घेतली, एकदा हिंजवडीच्या रस्त्यावर चालवली, आणि मग दोन वर्षे बाल्कनीत तिच्यावर टॉवेल वाळत होते. तो लाजून लाल झाला. कोंडिबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, की पोरा, तुजी चूक न्हाई, जनावर दावणीला बांधून ठिवलं की आखडतंच. त्याने पैसे परत देऊन व्यवहार मोडला.

मग चांदे. स्वरदाची सायकल विकली गेलेली नव्हती, पण आता तिला ती आम्हाला द्यायची नव्हती. कमरेत खचलेली म्हटल्याचा राग होता, आणि तो रास्त होता. तिने अट घातली, की काकांनी स्वतः बसून सोसायटीचे तीन गतिरोधक ओलांडायचे. कोंडिबांनी धोतर खोचले. सत्तर वर्षांचा तो माणूस पहिल्या गतिरोधकाला डोळे मिटून गेला, दुसऱ्याला उघडून, आणि तिसरा ओलांडल्यावर वळून पुन्हा तिन्ही ओलांडून आला. उतरला तो गंभीर. स्वरदाला म्हणाला, की पोरी, मी चुकलो, ह्ये मोडल्यालं न्हाई, वाकतंय. मग रीतीप्रमाणे टॉवेलाखाली हात घालून बोटांनी सौदा करायला गेला. तिला ती बोटांची भाषा येत नव्हती, तरी तिने अशी काही बोटे दाबली, की चाकणला असली व्यापारी भेटली नाही, असे तो वाटभर सांगत होता.

स्वरदाने शॉकमध्ये हवा भरण्यासाठी माझे वजन विचारले. सगळ्यांसमोर मी दोन किलो कमी सांगितले. दोऱ्याने लगेच पकडले.

काल वाडीला गेले. ओढ्यातले दगड चाकाखाली जाणवत होते, पाठीला नाही. एका खेपेवरून पैज लावण्याइतकी मी आता मूर्ख राहिलेली नाही. कमरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधलेला आहे, पाठ अजून दुखते, आणि भाऊ दहा दिवसांवर आहे. दावे बारा झाले, दहा राहिले.

खोटे बोलणाऱ्या आत्यावरही थोडी माया शिल्लक ठेव. हे पत्र बसून लिहिले आहे.
उषाआत्या


मुक्काम मुळशी
२२ ऑक्टोबर २००९

चि. सौरभ यास अण्णांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

भाऊबिजेला सकाळी येथे पोचलो. ओवाळणी झाली. मी बॅग उघडून तिच्या सामानाची यादी काढणार, तोच तुझी आत्या म्हणाली, की कोंडाबाईचा जबाब आजच घ्यायचा आहे, दुपारी बोलू. आणि सायकल काढून गेलीही. वाद घातला असता तर मी तयारीत होतो. न घातलेला वाद जिंकता येत नाही.

कोंडिबा मला ओढ्यापर्यंत घेऊन गेले. तेथून समोरची चढण दिसते. ती दगडांतून जाताना सायकल मागून खालीवर होत होती आणि वर उषा ताठ, जशी व्यासपीठावर असते. कोंडिबांनी मला शॉक, हवा आणि दोरा याबद्दल बरेच समजावले. ते बोलतात तेव्हा वाटते, की सायकलीचा शोध त्यांनीच लावला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिच्याबरोबर पिरंगुटला डॉक्टरांकडे गेलो, तिला बाहेर बसवून विचारले. ते म्हणाले, की पाठ महिनाभरापूर्वी होती त्याहून वाईट नाही, किंचित बरीच आहे. पट्टा काढायचा नाही, आठवड्यात तीनच खेपा. आणि तिला नेऊ का, असे विचारल्यावर त्यांनी मलाच विचारले, की कशासाठी. घरी येऊन मी सामानाची यादी बॅगेत परत ठेवली.

आता माझ्याबद्दल. दावे सहा राहिले आहेत. उषाचे अक्षर कार्यालयात वाचता येत नाही, असे तिला दोनदा ऐकवले गेले आहे. मी छत्तीस वर्षे कारकुनी केली, माझे अक्षर तुला ठाऊक आहे. काल सहज म्हणून एक फॉर्म भरून दिला. त्यानंतर मला फॉर्मांचा गठ्ठा, स्टॅम्पचे पॅड आणि एक घोंगडी मिळाली. आज वाडीला गेलो होतो. ती पुढे सायकलवर, मी मागे चालत, आणि दर वळणावर ती थांबून मला किती वेळ लागतो ते घड्याळात बघत होती.

तुझ्या आईला पौडहून फोन केला, की अजून पंधरा दिवस येत नाही. ती हसली की रागावली, हे कळण्याआधी लाइन तुटली. तू एकदा विचारून घे.

माझे गुडघे चालून दुखतात. स्वरदा नावाच्या मुलीकडे तशी आणखी एखादी सायकल आहे का, तेही विचार. माझी उंची पाच फूट पाच, वजन खरे ते कळवीन.

आत्याला आणि मला, दोघांनाही सांभाळून घे.
अण्णा