विशेष काही नाही

मंगळवार, ४ मार्च

मी आईच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि दोघी गप्प झाल्या. आई नि माझी धाकटी बहीण. मग आई उगाच मोठ्यानं म्हणाली, "तर ते पडदे धुवायला टाकायलाच हवेत." पडद्यांबद्दल कुणी कुजबुजत नाही.

क्लिनिकमधल्या समुपदेशक बाई म्हणायच्या— दिसलं ते आणि वाटलं ते वेगवेगळं लिहा. मूल व्हावं म्हणून घेतलेले उपचार थांबवून वर्ष झालं, ही सवय मात्र राहिली.

दिसलं: धाकटीनं कॉफी नको म्हटलं. कॉफीशिवाय जिचा दिवस उजाडत नाही ती. खुर्चीतून उठताना हात कमरेवर.

वाटलं: लिहीत नाही.

बुधवार, ५ मार्च

आज कामावर माझ्याकडे कान तपासायला एक आजोबा. बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की दाबायचं, कितीही बारीक असो. आजोबा भराभर दाबत होते. मी आवाज बंद केला, तरी दाबतच होते. नंतर विचारलं तर म्हणाले, "आता येईल, आता येईल असं वाटतं हो, आणि मग येतोच."

सोबतची सून म्हणाली, "घरी हाक मारली तर मात्र येत नाही."

अशी माणसं खोटारडी नसतात. वाट बघून बघून त्यांना ऐकू येतं. त्यांच्या कागदावर मी 'विश्वासार्ह नाही' असा शेरा मारते.

माझ्या कागदावर कुणी मारायचा?

शनिवार, ८ मार्च

धाकटीनं पोहायला येणं रद्द केलं. "कणकण आहे गं, ताई." आवाज ठणठणीत. कणकण आवाजात कळते.

नवरा गॅलरीत फोनवर हळू बोलत होता. मी गेले तशी "बरं बरं, ठेवतो." कोण होतं? "ऑफिसचं." शनिवारी?

म्हणजे यालाही माहीत आहे. की हे 'वाटलं'मध्ये जातं? जातं.

सोमवार, १० मार्च

विशेष काही नाही.

— हे वाक्य या वहीत किती वेळा आलं असेल! आज लिहून थांबले. लग्नानंतरची पहिली वर्षं भेटेल तो विचारायचा, "काय, काही विशेष?" मावशी तर पोटाकडे बघूनच विचारायची. मी म्हणायचे, "विशेष काही नाही." घरी येऊन चिडायचे. मग उपचारांचा चौथा प्रयत्न फसला, चाळिशी उलटली, आणि विचारणं बंद झालं. एकदम, सगळ्यांचं, बैठक घेऊन ठरवल्यासारखं. ते बंद होणं जेवढं लागलं तेवढं विचारणं कधी लागलं नव्हतं.

गुरुवार, १३ मार्च

न कळवता आईकडे गेले. तिनं काहीतरी चटकन उशीमागे सारलं. लोकर. पिवळी.

"कुणाला विणतेस?"

"कुणाला नाही गं. हात रिकामे राहिले की आखडतात."

मुलगा की मुलगी माहीत नसलं की आई पिवळी घेते. माझ्या पहिल्या प्रयत्नाच्या वेळीही पिवळीच घेतली होती. तिचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तीच असेल का ही?

शुक्रवार, १४ मार्च

नवरा इस्त्री करत होता. विचारलं, "धाकटीला दिवस गेलेत ना?"

"कोण म्हणालं?"

'नाही' म्हणाला नाही. मग इस्त्री उभी करून ठेवली. तिसरा महिना. सगळ्यांना माहीत. आईनं बजावलं होतं, हिच्यापर्यंत जाऊ देऊ नका.

"तुला त्रास होऊ नये म्हणून गं."

"मी काय काचेचं सामान आहे?"

"तुझ्या मैत्रिणीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा नळ सोडून बाथरूममध्ये बसून राहिली होतीस. दाराबाहेर मी होतो."

शर्टाला इस्त्री फार चांगली झाली होती, ती बघत बसले.

खोटं लिहायचं नाही. मत्सर वाटला. पण त्याच्या खाली आणखी काही होतं— माझ्याच माणसांनी माझ्या माघारी ठरवून टाकलं की हिला हे झेपणार नाही. आणि धाकटीनं ते मान्य केलं. जिला मी सायकल शिकवली तिनं.

ती स्वतः सांगेपर्यंत मी बोलणार नाही. बघू किती दिवस लपवते.

रविवार, १६ मार्च

सगळे आईकडे जेवायला जमायचे होते. गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. दुपारी धाकटीचे दोन फोन. वाजू दिले. आता आठवण झाली का?

मंगळवार, १८ मार्च

तिचा फोन नाही. बरंच झालं.

शनिवार, २२ मार्च

धाकटीचा नवरा औषधाच्या दुकानाबाहेर दिसला. मला पाहिलं आणि सरळ रस्ता ओलांडून पलीकडे गेला! हातात शेकायची रबरी पिशवी. आईला फोन केला तर म्हणते, "इतक्यात येऊ नकोस, घर आवरायला काढलंय." आवाज बसलेला. माझ्यापासून चोरून यांनी काहीतरी घाट घातलाय. माझा नवरा आठवडाभर कामासाठी बाहेरगावी, नाहीतर त्यालाच धरलं असतं.

सोमवार, २४ मार्च

सुट्टी टाकून धाकटीच्या घरी गेले. वाटेत वाक्य तयार केलं— टोमणा बेताचा, हसू मोठं. तिनं दार उघडताच म्हणाले, "अभिनंदन. परक्या माणसांना शेवटी सांगतात म्हणे."

ती दाराला टेकली. केस विंचरलेले नव्हते.

"नाही राहिलं, ताई."

मला आधी कळलंच नाही.

"आईकडे जेवायला यायचं होतं बघ, त्या दिवशी. निघायच्या आधीच सुरू झालं. हा घरी नव्हता. तुला फोन केला, दोनदा. पहिला तुलाच केला."

आत गेलो. पलंगावर शेजारी शेजारी बसलो. रबरी पिशवी उशीजवळ पडली होती.

"मग आई म्हणाली, ताईला आता हेही नको सांगायला. तिचं जुनं सगळं वर येईल." पिशवी मांडीवर घेऊन म्हणाली, "आणि मला वाटलं, तू मनात म्हणशील, हिला निदान दिवस तरी गेले होते."

"छे गं."

मनात आलं होतं. क्षणभर. तिला सांगितलं नाही, इथे लिहिते.

मग तिनं विचारलं, "तेव्हा तू झोपायचीस कशी?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आईनं नाही, नवऱ्यानं नाही. सांगितलं— उशाशी रेडिओ लावायचा. शब्द कळणार नाहीत इतका बारीक, पण कुणीतरी बोलतंय हे कळेल इतका.

मंगळवार, २५ मार्च

आवाज नसताना मी बटण दाबत होते असं नाही. आवाज होता. दोनदा आला, आणि तेव्हाच मी दाबलं नाही.

शुक्रवार, २८ मार्च

नवरा परत आला. त्याला सगळं माहीत होतं, इतके दिवस फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारत होता. भांडणार होते, त्याऐवजी त्याची बॅग रिकामी करायला घेतली. त्याच्या उशालाही एक रेडिओ असायला हवा होता, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही.

रविवार, ३० मार्च

आईच्या स्वयंपाकघरात धाकटी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, मला पुन्हा नाही करायचं हे. कधीच. यालाही अजून सांगितलं नाही." मी काही बोलणार तेवढ्यात आई आत आली. आम्ही दोघी गप्प झालो.

आई आळीपाळीनं आमच्याकडे बघत राहिली.

"पडद्यांचं बोलत होतो," मी म्हणाले.