तुझ्या बाबांच्या रीलचा ब्रेक

प्रिय ठकू,

पार्सल मिळालं. रील पूर्ण खोललं, आतलं वाळलेलं मीठ खरवडून काढलं, बेअरिंगला तेल दिलं. फिरतंय आता. वहिनी गेल्या तेव्हा मी आलो नाही, हे तू मनाला लावून घेतलंस. साहजिकच आहे.

"काका, मला गळ टाकायला शिकायचंय," असं लिहिलंस. हँडल फिरवलं की फिरकीवर दोरी गुंडाळली जाते, एवढं कुणालाही कळतं. खरी गोम ब्रेकमध्ये. फिरकीच्या बाजूला चकत्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या असतात. खिट्टी पुढे सारली की त्या घट्ट होतात, मागे घेतली की सैल. मोठा मासा लागला की चकत्या घसरायला हव्यात, दोरी करकरत सुटायला हवी. त्याला पळू द्यायचं, दमवायचं, मग आत घ्यायचं. दोरी जेवढा ताण सोसते, त्याच्या एक तृतीयांशावर ब्रेक ठेवायचा. तुझे बाबा दर खेपेला ताणकाटा लावून तपासायचे. मी त्यांना घाबरट म्हणायचो. ते गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांचा मासा निसटला, तेव्हा तर बोटीवर सगळ्यांसमोर खिल्ली उडवली. ते आपले हसत राहिले.

तू विचारलंयस, एवढ्या जपून वागणाऱ्या माणसाकडून ब्रेक घट्ट कसा राहिला? वहिनी बारा वर्षं तेच म्हणत होत्या. बाबांच्या निष्काळजीपणामुळे पोर पोरकी झाली, म्हणून त्यांनी बाबांचा फोटोसुद्धा भिंतीवर लावू दिला नाही.

त्या सकाळी बाबा चहा आणायला केबिनमध्ये गेले होते. मी खिट्टी पुढे टोकापर्यंत सारली. आज निसटू देत नाही, एवढंच डोक्यात होतं. सांगायचं राहून गेलं. ते आले, मोठ्या माशासाठी अंगावर बांधतात त्या खांद्याच्या पट्ट्याचे आकडे रीलला अडकवले आणि तेवढ्यात मासा लागला. दोरी सुटलीच नाही. माझ्या हातातला कप खाली पडायच्या आत ते कठड्यापलीकडे गेले. तासाभराने सापडले.

चूक त्यांची नव्हती, ठकू. हे वहिनींना सांगायला दोनदा तुमच्या गल्लीपर्यंत आलो आणि मागे फिरलो. आता त्या तोच राग उराशी घेऊन गेल्या. त्यांच्यापर्यंत हे पोचवायचा काही मार्ग उरलेला नाही. निदान तू फोटो लाव. मला उत्तर पाठवू नकोस.

'तुझाच' लिहायला हात धजत नाही.

काका