फ्रेमवर्कवर माझी नजर आहे

सोमवार, ७ जुलै
आजपासून पुरावे गोळा करणार. आमच्या साइट ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार कोडच्या सांगाड्यावर, बनतात, ते म्हणतं, आपण वेब कंपोनंटना पूर्ण सपोर्ट करतो. वेब कंपोनंट म्हणजे ब्राउझरला थेट कळणारा पानाचा तुकडा. त्याला कुठल्याच फ्रेमवर्कची गरज नाही. मग फ्रेमवर्क त्याला मनापासून का सांभाळेल? स्वतःच्या पोटावर कोण पाय देतं?

त्र्यंबकच्या यज्ञेश्वर गुरुजींना श्रावणाआधी पूजा-बुकिंगची साइट हवी आहे. तिथीचं कॅलेंडर मी कंपोनंट म्हणून लिहितोय. ऑफिसात टीम लीडची जागा रिकामी आहे. आमचे मॅनेजर श्रेयस सर बघत असतीलच.

बुधवार, ९ जुलै
कॅलेंडर तयार. एकटं उघडलं तर देखणं. चतुर्दशीवर क्लिक केलं की ती निळी होते.

फ्रेमवर्कच्या पानात बसवलं. चतुर्दशी निळी, पण ती जिथे उमटायला हवी ती खालची बुकिंगची चौकट रिकामीच. वाटलंच होतं.

शेजारच्या टेबलावरची तेजश्री म्हणाली, कोड बघू का? नको म्हणालो. ती फ्रेमवर्कवाली.

शुक्रवार, ११ जुलै
द्वारका चौकातल्या सिग्नलला अडकलो, तेव्हा नीट विचार झाला. 'सपोर्ट' पुरेसं होतं, 'पूर्ण सपोर्ट' कशाला लिहायचं? खरं बोलणारा इतकं ठासून सांगत नाही.

फ्रेमवर्कच्या जुन्या व्हर्जनमध्ये गडबड होती, हे तेजश्रीनेही मान्य केलं. मग म्हणाली, आता दुरुस्त झालीय. म्हणजे गुन्हा कबूल.

घरी बायकोला, मृण्मयीला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, नवीन मिक्सरबद्दलही तू असंच बोलायचास. तिला विषय समजलेला नाही.

सोमवार, १४ जुलै
श्रेयस सरांना सविस्तर मेल. विषय: सपोर्ट की देखावा? अख्ख्या ऑफिसला कॉपी. लीडचा प्रश्न मिटला म्हणायचा.

बुधवार, १६ जुलै
गुरुजी आले. सगळ्यांसमोर डेमो. चतुर्दशी निळी, चौकट रिकामी. शांतपणे समजावलं, की दोष फ्रेमवर्कचा आहे.

गुरुजी म्हणाले, अहो, यजमान जाब मला विचारणार, त्याला नाही. श्रावणात फोन घेऊन घेऊन घसा बसतो माझा, म्हणून तर साइट करतोय.

सर तेजश्रीला म्हणाले, तू बघ.

तिने बघितलं. तिथी निवडली की कंपोनंट पानाला एक संदेश पाठवतो. त्या संदेशाच्या नावात इंग्रजीत मी 'थिती' लिहिलं होतं. फ्रेमवर्क बिचारं इतके दिवस 'तिथी'ची वाट बघत होतं. तिने स्पेलिंग सुधारलं. चतुर्दशी चौकटीत आली.

कोणी हसलं नाही. हसायला हवं होतं.

शुक्रवार, १८ जुलै
साइट सुरू. तेजश्री टीम लीड.

गुरुजींचा फोन आला. बुकिंग येतायत म्हणाले. मग विचारलं, त्या फ्रेमवर्कवाल्यांची माफी मागितलीत का? मागू म्हणालो.

दुपारी तेजश्री म्हणाली, तुझं कॅलेंडर फार छान झालंय, पुढच्या कामातही वापरू. संध्याकाळपर्यंत यावर विचार केला. मृण्मयीला विचारलं, असं ती का म्हणाली असेल?

मृण्मयी म्हणाली, छान झालं असेल म्हणून.

ही शक्यता मी धरलीच नव्हती.